शहरातील धर्मादाय संस्थांचा समन्वय : इतिहास, कायदा आणि खानदेशातील व्यवहार (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जळगाव, धुळे, अमळनेर, शिरपूर, नंदुरबार अशा गावांत सामाजिक संस्थांच्या संयुक्त बैठका अधूनमधून होत असतात. त्या बैठकांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा उपस्थित होतात, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. इतिहास जरा लांबून सुरू केला आहे, कारण आज आपण ज्या मुद्द्यांवरून बैठकीत वाद घालतो त्यांतील बहुतेक वाद लंडन, बॉस्टन आणि क्लीव्हलँड येथे शंभर-दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेलेले आहेत.

प्रत्येक संस्था आपले काम चोख करत असेल, तर समन्वयाची गरजच काय?

एका उन्हाळ्यातले पाहिलेले सांगतो. एप्रिल संपत आला होता, पारा ४४ अंशांवर गेला होता आणि आमच्याकडच्या एका बसस्थानकासमोर पन्नास पावलांच्या आत चार पाणपोया लागल्या होत्या. दोन ठिकाणी ओल्या लाल कापडात गुंडाळलेले रांजण होते, एके ठिकाणी थंड पाण्याचे जार होते, चौथ्या ठिकाणी स्टीलची टाकी होती, आणि प्रत्येकीवर आपापल्या मंडळाचा फलक होता. तेथून अर्ध्या किलोमीटरवर जो चौक आहे, जेथे सकाळी सातपासून बांधकामावरचे मजूर कामाची वाट पाहत उभे राहतात, तेथे मात्र पाण्याचा थेंब नव्हता. जार पोहोचवणारा रिक्षावाला स्वतःशीच पुटपुटल्यासारखे म्हणाला, “आठे समदा येतस, तठे कोन्ही जात नही.”

चारही मंडळांचे पाणी स्वच्छ होते, माणसे प्रामाणिक होती आणि हिशेब चोख होते. दोष होता तो चौघांच्या मधल्या जागेत, आणि ती जागा कोणाच्याच अहवालात येत नाही.

असा प्रयत्न जगात प्रथम कोठे झाला?

याचे एकच उगमस्थान दाखवता येत नाही. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहराने १७८८ मध्ये गरिबांच्या मदतीची एकत्रित व्यवस्था बसवली. स्कॉटलंडमध्ये ग्लासगो येथे टॉमस चामर्स या धर्मोपदेशकाने १८१९ पासून आपल्या परगण्याचे छोटे भाग पाडून प्रत्येक भाग एका स्वयंसेवकाकडे सोपवला. जर्मनीतल्याच एल्बरफेल्ड या गिरणीगावाने १८५३ मध्ये हीच कल्पना अधिक काटेकोर केली. तेथे एका स्वयंसेवकाकडे साधारणपणे चारपेक्षा अधिक कुटुंबे द्यायची नाहीत, मदत एका वेळी फक्त पंधरवड्यापुरती मंजूर करायची आणि पुढच्या बैठकीत त्या कुटुंबाची परिस्थिती पुन्हा पाहायची, असा नियम होता. चार कुटुंबांची मर्यादा आजच्या आपल्या कार्यकर्त्यांना सांगितली की ते हसतात, कारण एकेका कार्यकर्त्याच्या यादीत शंभर-शंभर नावे असतात. परंतु माणूस नावानिशी आणि घरानिशी ओळखायचा असेल, तर आकडा चारच्या आसपासच थांबतो हे त्या गावाने अनुभवाने ठरवले होते.

‘संस्थांचा समन्वय’ हे उद्दिष्ट उघडपणे समोर ठेवून स्थापन झालेली, सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वांत वादग्रस्त संस्था म्हणजे लंडनची चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी होय. ती १८६९ मध्ये स्थापन झाली.

लंडनच्या त्या संस्थेवर एवढी टीका का झाली?

तिच्या मूळ नावातच कारण सापडते. धर्मादाय मदतीचे संघटन करणे आणि भिक्षेला आळा घालणे, अशी दोन्ही कामे त्या नावात शेजारी शेजारी होती. लंडनमध्ये तेव्हा शेकडो धर्मादाय संस्था होत्या, आणि एकच माणूस सकाळी एका दारातून कोळसा, दुपारी दुसऱ्या दारातून रोटी आणि संध्याकाळी तिसऱ्या दारातून रोख मदत घेऊन जातो, अशी देणगीदारांची तक्रार होती. त्यावर उपाय म्हणून संस्थेने विभागवार समित्या नेमल्या, अर्जदाराच्या घरी जाऊन चौकशी करण्याची पद्धत घातली आणि ‘लायक’ व ‘नालायक’ अशी गरिबांची वर्गवारी केली. १८७५ पासून १९१४ पर्यंत चार्ल्स लॉक हे तिचे सचिव होते. त्यांच्या काळात संस्थेने शाळकरी मुलांना सार्वजनिक खर्चाने जेवण देण्यालाही विरोध केला आणि वृद्धांच्या निवृत्तिवेतनालाही. फुकट मिळाले की माणूस आळशी होतो, ही त्यामागची धारणा होती.

येथे माझे मत नोंदवून ठेवतो. चौकशीची पद्धत त्यांची होती आणि ती पुढे उपयोगी ठरली, पण तिचा रोख चुकला होता. गोंधळ संस्थांमध्ये होता आणि शिस्त लावली गेली ती गरिबाला. आपल्याकडच्या बैठकांतही ‘हे लोक दोन-दोन ठिकाणी किट घेतात हो’ या वाक्याने सुरुवात झाली की तीच चूक नव्याने सुरू झाली असे समजायला हरकत नाही. ज्या बाईला दोन किट मिळाले तिच्या घरात खाणारी सात तोंडे असू शकतात, आणि एका किटमध्ये पाच किलो आटा असतो.

अमेरिकेत हीच पद्धत गेली का?

गेली, आणि तेथे तिने दोन वेगळी वळणे घेतली. न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहरात हम्फ्रीज गर्टीन या धर्मोपदेशकाने १८७७ मध्ये लंडनच्या धर्तीवर पहिली संस्था काढली. त्याच सुमारास बॉस्टनमध्ये मदत घेणाऱ्यांची एक मध्यवर्ती नोंदवही सुरू झाली. पुढे तिचे गोपनीय देवाणघेवाण केंद्र झाले. एखाद्या संस्थेकडे कुटुंब आले की ती केंद्राला विचारी, आणि या कुटुंबाला आणखी कोणती संस्था ओळखते एवढेच केंद्र सांगे. कुटुंबाची कहाणी केंद्राच्या नोंदीत लिहिलेली नसे. ती हवी असल्यास संस्थेने संस्थेशी बोलावे, अशी रचना होती. हा बारकावा मला फार मोलाचा वाटतो, कारण आज आपण एका क्लिकवर आधार क्रमांकासह अख्खी यादी व्हॉट्सॲप गटात टाकून मोकळे होतो.

दुसरे वळण शिक्षणाचे. बाल्टिमोरच्या संस्थेत सहायक कोषाध्यक्षाचे काम करता करता मेरी रिचमंड या बाईंनी घरभेटीला शास्त्राचे रूप दिले. सद्भावना पुरेशी नसून हे काम शिकावे लागते, असा त्यांचा आग्रह होता. त्यातून १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथे उन्हाळी प्रशिक्षणवर्ग सुरू झाला आणि समाजकार्याच्या महाविद्यालयीन शिक्षणाचा पाया घातला गेला.

सर्वांनी मिळून एकच देणगी मोहीम राबवण्याची कल्पना कोठून आली?

कोलोराडो राज्यातील डेन्व्हर शहरातून. १८८७ मध्ये फ्रान्सिस जेकब्स या ज्यू कार्यकर्तीने आणि निरनिराळ्या पंथांच्या धर्मगुरूंनी मिळून शहरातील संस्थांसाठी संयुक्त निधीची योजना आखली, आणि पहिल्या मोहिमेत २१,७०० डॉलर जमले. १९१३ मध्ये क्लीव्हलँड येथे, व्यापारी मंडळाच्या पुढाकारातून, अधिक बांधीव स्वरूपाचा महासंघ उभा राहिला. आधी अर्थसंकल्प तपासायचे, मग एकदाच मागायचे आणि ठरलेल्या प्रमाणात वाटायचे, अशी त्याची रीत होती. याच परंपरेतून पुढे ‘कम्युनिटी चेस्ट’ आणि ‘युनायटेड वे’ या चळवळी वाढल्या.

देणगीदारांना हे आवडले, कारण वर्षभर दारावर येणारी पावतीपुस्तके थांबली. संस्थांना ते कमी आवडले. वाटप करणाऱ्या समितीवर बहुतेक शहरातील उद्योगपती बसत, आणि त्यांना न पटणारे काम (संपावरील कामगारांच्या कुटुंबांसाठीचे, किंवा लोकांना उघडपणे बोलायला संकोच वाटतो अशा आजारांचे) मागे पडे. म्हणूनच निधीपासून अलग, केवळ नियोजन आणि माहितीसाठी सामाजिक संस्थांच्या परिषदाही त्याच काळात निघाल्या. मिलवॉकी आणि पिट्सबर्ग ही त्यांतील आरंभीची शहरे. पैसा एका ठिकाणी आणि विचारविनिमय दुसऱ्या ठिकाणी ठेवणे हा त्या काळातला शहाणपणा होता, असे मला वाटते.

आपल्याकडे इंग्रजी पद्धती येण्यापूर्वी काहीच नव्हते का?

होते, आणि बाजारपेठेत होते. खानदेश हा कापसाचा मुलूख आहे. कापूस, धान्य, भुसार यांच्या व्यवहारात सौद्यामागे थोडी रक्कम ‘धर्मादाय’ म्हणून बाजूला काढायची चाल पश्चिम भारताच्या पेठांमध्ये जुनी आहे. त्यातून पांजरापोळ, धर्मशाळा, अन्नछत्र, विहीर, देवस्थान आणि पुढे शाळाही चालत. पैसा सर्व व्यापाऱ्यांकडून येई आणि कोठे द्यायचा ते पेठेतील प्रमुख बसून ठरवत, म्हणजे संयुक्त निधी आणि वाटप समिती या दोन्ही गोष्टी क्लीव्हलँडच्या कितीतरी आधी आपल्या आडतीवर होत्या. तिची मर्यादाही लपवण्याचे कारण नाही : कोणाची भूक मोजायची आणि कोणाला पंगतीबाहेर ठेवायचे, हे जात ठरवत असे. गावकुसाबाहेरच्या वस्तीला त्या समितीत जागा नव्हती.

ती मर्यादा ओलांडण्याचा प्रयत्न वेगळ्या वाटेने झाला. १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली, आणि १८७७ च्या दुष्काळात त्या समाजाने पुण्याजवळ धनकवडी येथे उपाशी मुलांसाठी अन्नछत्र चालवले. संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा ‘छप्पन्नचा दुष्काळ’ खानदेशाला फार जड गेला. अशा वेळी सरकारी दुष्काळी कामे, व्यापाऱ्यांची अन्नछत्रे आणि मिशनऱ्यांची मदतकेंद्रे एकाच काळात चालत, पण ती एकमेकांना बांधलेली नसत.

आधुनिक पद्धतीचा समन्वय महाराष्ट्रात कसा आला?

मुंबईमार्गे आला. भारत सेवक समाजाचे सदस्य नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. रात्रशाळा, फिरती वाचनालये, दवाखाने आणि गिरणगावातील चाळींतील पाहणी अशी तिची कामे होती. नागपाड्यात वस्तीकेंद्र चालवणारे क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन गृहस्थ १९३६ मध्ये सुरू झालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाचे पहिले संचालक झाले. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. १९४७ मध्ये समाजकार्याची अखिल भारतीय परिषद भरू लागली, आणि १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन होऊन स्वयंसेवी संस्थांना अनुदाने मिळू लागली.

अनुदानामुळे एक गोष्ट मात्र बदलली. संस्था शेजारच्या संस्थेकडे पाहण्याऐवजी मुंबई-दिल्लीकडे पाहू लागल्या. जिल्ह्यातील दहा संस्थांचे दहा प्रस्ताव दहा वेगवेगळ्या लिफाफ्यांतून जात, आणि शेजारच्या टेबलावर कोणता प्रस्ताव आहे हे दुसऱ्याला कळू नये याची काळजी घेतली जाई. ती सवय अजून गेलेली नाही.

धर्मादाय आयुक्त कार्यालय असताना वेगळा समन्वय कशाला?

हा प्रश्न दर बैठकीला येतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० नुसार ते कार्यालय विश्वस्त संस्थांची नोंदणी करते, हिशेब घेते, विश्वस्तांतील बदल नोंदवते आणि तक्रारींची चौकशी करते. कोणत्या चौकात पाणपोई हवी हे ठरवणे त्याच्या कामात येत नाही.

तरीही त्या कायद्यातील दोन कलमे आपल्या विषयाच्या अगदी जवळची आहेत. कलम ५४ थेट ‘धर्मादाय’ या जुन्या चालीविषयी आहे : व्यवहारात अशी रक्कम घेणारा व्यापारी त्या रकमेचा मालक होत नाही, विश्वस्त होतो, आणि त्याने तिचा हिशेब सादर करायचा असतो. कलम ४१ अअ आणि त्याखाली उच्च न्यायालयाने ठरवून दिलेली योजना यांनुसार मोठ्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात. रुग्णाच्या उपचारासाठी गावभर वर्गणी गोळा करण्याआधी ही खाट उपलब्ध आहे का, हे विचारणारा एक माणूस जरी संस्थांनी मिळून नेमला, तरी पुष्कळ धावपळ वाचते.

दुहेरी काम कोठे सर्वाधिक दिसते?

रक्तदानात. येथे आकडे बोलतात, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. पूर्ण रक्त साधारण ३५ दिवस टिकते. तांबड्या पेशी वेगळ्या करून विशिष्ट द्रावणात ठेवल्या तर ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट तर पाचच दिवस. पुरुषाला पुढचे रक्तदान ९० दिवसांनी आणि स्त्रीला १२० दिवसांनी करता येते. आता आपल्या शहरातील शिबिरांच्या तारखा आठवून पाहाव्यात : २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, नेत्यांचे वाढदिवस, महापुरुषांच्या जयंत्या. २६ जानेवारीला सहा मंडळांनी मिळून जमवलेले रक्त मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत एक तर वापरले जाते किंवा टाकून द्यावे लागते. मे महिन्यात महाविद्यालये बंद असतात, ऊन भाजत असते, थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र ठरलेल्या दिवशी रक्त लागतेच, आणि नेमकी तेव्हा रक्तपेढीची फ्रिज रिकामी दिसतात. १५ ऑगस्टला ज्याने रक्त दिले त्याला नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत बोलावताही येत नाही. येथे निधी कमी नाही आणि उत्साहही कमी नाही. फक्त भिंतीवर एक सामाईक दिनदर्शिका लागते, आणि सहांपैकी चार मंडळांनी आपली तारीख सोडण्याची तयारी लागते. पहिली गोष्ट शंभर रुपयांत होते. दुसरीला आम्हाला तीन वर्षे लागली.

जूनमधील वह्या-दप्तर वाटपाचीही तीच कथा आहे. रस्त्यालगतच्या जिल्हा परिषद शाळेत तीन संस्था पोहोचतात, कारण गाडी दारापर्यंत जाते आणि छायाचित्र चांगले येते.

टाळेबंदीच्या काळात काय अनुभव आला?

२०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत मुंबई-आग्रा महामार्गावरून हजारो मजूर उत्तरेकडे चालत होते. मालेगाव, धुळे, शिरपूर, पुढे सेंधवा अशी ती वाट. धुळे परिसरात माणसांनी जे केले ते पाहून मन भरून येई. पण सुरुवातीच्या दिवसांत एकाच वळणावर दुपारी एक वाजता खिचडीची चार पातेली आणि रात्री नऊनंतर काहीच नाही, अशी अवस्था होती. तोडगा निघाला तो अगदी साधा : महामार्गाचे टप्पे आणि दिवसाचे प्रहर वाटून घेतले गेले, आणि रोज संध्याकाळी एका फोनवर दुसऱ्या दिवसाचा शिधा ठरू लागला. चामर्सने दोनशे वर्षांपूर्वी ग्लासगोच्या परगण्याचे केले होते तेच, फक्त खिचडीच्या पातेल्यासह.

लाभार्थींची सामाईक यादी करावी का?

शक्यतो नको. करायचीच असेल तर बॉस्टनच्या पद्धतीने, म्हणजे ‘हे कुटुंब अमुक संस्थेच्या संपर्कात आहे’ एवढीच नोंद ठेवावी. आजार, कर्ज, घरातील भांडण, एचआयव्ही अशी माहिती त्यात येता कामा नये. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मुळे संमतीचा प्रश्न आता कायद्याचाही झाला आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गाव लहान असते. नोंद फुटली की ती देवळापर्यंत आणि सोयरिकीपर्यंत पोहोचते.

समन्वय समितीची स्वतंत्र नोंदणी करावी का?

पैसा हाताळायचा नसेल तर घाई करू नये. नोंदणी करायची झाल्यास संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात सदस्य लागतात, आणि महाराष्ट्रात तीच संस्था १९५० च्या अधिनियमाखालीही नोंदवावी लागते. त्यानंतर दरवर्षी लेखापरीक्षण आणि विश्वस्त बदलले की बदल अर्ज आलाच. नोंदणी झाली की अध्यक्ष कोण, हा प्रश्न येतो, आणि तो आला की पहिले सहा महिने त्यातच जातात.

मग संयुक्त निधी नकोच का?

ठरावीक कामासाठी, ठरावीक मुदतीचा निधी एखाद्या सदस्य संस्थेच्या खात्यात ठेवता येतो. देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी (८०जी म्हणून ओळखली जाणारी) मान्यता असलेल्या संस्थेने पावती द्यावी. दोन हजार रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर देणगीदाराला ती सवलत मिळत नाही, हे आधीच सांगावे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ खालील सामाजिक दायित्वाचा पैसा हवा असेल, तर संबंधित संस्थेची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे नोंदणी असावी लागते. परदेशी देणगी मात्र एका संस्थेने घेऊन दुसरीला देणे २०२० च्या दुरुस्तीपासून बंद झाले आहे. त्यामुळे त्या पैशाचा संयुक्त निधी होऊच शकत नाही.

शहरातील समन्वयाचा नंदुरबारच्या पाड्यांना काय उपयोग?

आपोआप काही होत नाही. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला, तरी देणगीदार आणि मोठी रुग्णालये जळगाव-धुळ्यातच राहिली. धडगाव किंवा अक्कलकुवा तालुक्यातील कुटुंब दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाते. जानेवारीत तेथे ब्लँकेट घेऊन गेलेल्या गाडीला घरात म्हातारी माणसे आणि कुलुपे भेटतात. म्हणून तेथील समन्वय जागेपेक्षा ऋतूचा असावा लागतो : पावसाळ्यात पाड्यावर, हिवाळ्यात कारखान्याच्या फडावर. यासाठी शहरातील संस्थेला साखरपट्ट्यातील संस्थेचा फोन क्रमांक माहीत असावा लागतो, आणि अजून बहुतेकांकडे तो नाही.

बैठक कोठे घ्यावी, आणि चहापाण्याचा खर्च कोणी करावा?

हसण्यासारखा वाटला तरी हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो. दर महिन्याला वेगळ्या संस्थेच्या जागेत बैठक घ्यावी आणि चहा यजमान संस्थेने द्यावा. सभागृह भाड्याने घेऊ नये. आमची एक बैठक अशीच एका संस्थेच्या गोदामाला लागून असलेल्या खोलीत झाली. पाणी प्यायला आत गेलेल्या एका सदस्याला ताडपत्रीखाली नव्याकोऱ्या अकरा चाकखुर्च्या दिसल्या. देणगीत आल्या होत्या आणि मागायला कोणी येत नव्हते. तो सदस्य ज्या रुग्णसाहित्य केंद्राचा होता, त्याने त्याच आठवड्यात चाकखुर्च्यांसाठी पावतीपुस्तके छापायला दिली होती. दुसऱ्या दिवशी छोटा हत्ती आला आणि अकरापैकी आठ खुर्च्या घेऊन गेला. तीन यजमानांनी ठेवून घेतल्या.